बकरीनं तात्पर्य खाल्लं

लहान मुलाला गोष्ट सांगून झाल्यावर “मग यातून काय शिकलास?” असं न विचारता तुम्ही शेवटचं कधी गप्प बसला होतात?

आठवत नसेल तर लाजू नका. मलाही आठवत नव्हतं, आणि त्याबद्दल आमच्या लेआउटच्या समाजभवनात सर्वांसमक्ष माझा पुतळा उभारण्यात आला. सन्मानाचा नव्हे. तो किस्सा सांगते, पण आधी माझं घर सांगायला हवं, नाहीतर मुलांनी माझ्यावर अन्याय केला असं तुम्हाला वाटेल. अन्याय अजिबात झाला नाही.

इतरांच्या घरी जसं गव्हाचं पीठ कायम असतं, तशी आमच्या घरी पत्रकं असायची. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहायचे आणि आई बायकांच्या मोर्चांची. दोघं एकमेकांची पत्रकं तपासायचे आणि त्यावरून भांडायचे. मी अक्षरं शिकले ती “जाहीर आवाहन” या शब्दांवरून. “ज” जहाजाचा असतो हे शाळेत गेल्यावर कळलं आणि मला जरा वाईट वाटलं, कारण जहाज मी पाहिलं नव्हतं आणि आवाहनं रोज पाहत होते.

कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आम्ही जमिनीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो. आई कागद दुमडायची, बाबा दुसरी घडी घालायचे, मी अंगठ्यानं दाबून गठ्ठ्यावर ठेवायचे. घरात देवघर नव्हतं, पण घडीचा एक नियम मात्र देवासारखा पाळला जायचा. दुसऱ्यानं घातलेली घडी उलगडायची नाही. वाकडी पडली असेल तर आपली घडी अशी घालायची की आधीची खपून जाईल. आईची घडी हमखास वाकडी पडायची, कारण तिचं लक्ष कुकरकडे असायचं. बाबा काही बोलत नसत, नुसते सुस्कारा टाकून पुढची घडी घालायचे. बाबांचा आणखी एक आग्रह होता. वाचून झाल्यावर माणसानं उठून काय करायचं हे ज्या पत्रकाच्या शेवटी लिहिलेलं नाही, ती त्यांच्या मते रद्दी होती.

हा दुसरा आग्रह माझ्या हाडात इतका मुरला की मी गोष्टीला, सिनेमाला, वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही शेवटी एक आवाहन जोडू लागले. मैत्रिणी वैतागायच्या. मला वाटायचं, जग सुधारायचं तर कुणीतरी वैतागणारच.

आता लेआउट, म्हणजे आमची वसाहत. प्रताप नगरकडे आम्ही राहतो तिथं बंगले, थोडे फ्लॅट आणि मधोमध समाजभवन आहे. मागच्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे नाल्याला लागून वस्ती. लेआउटला गेट आहे, गेटवर साखळी आहे आणि साखळीपाशी खुर्ची टाकून बसलेला एक चौकीदार भाऊ आहे. तो लेआउटच्या कुत्र्यांनाही नावानिशी ओळखतो आणि वस्तीतल्या पोरांनाही, पण आत फक्त कुत्र्यांना सोडतो.

भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या पोरांचं वैर बॉलवरून होतं. इकडचा बॉल तिकडे गेला की परत येत नसे. तिकडचा इकडे आला तर इकडचे तो गाडीच्या टपावर ठेवून तिकडच्यांना भिंतीवर चढून बघायला लावत. एकदा दगड भिरकावले गेले आणि एका कारची काच गेली. त्यावर झालेल्या बैठकीत मी उभी राहिले आणि लांबलचक भाषण ठोकलं. भिंत उंच करू नका, मुलांना एकत्र बसवा, दर रविवारी सकाळी समाजभवन मला द्या, मी त्यांच्याकडून मिळून एक गोष्ट रचून घेते, मिळून गोष्ट रचणारी पोरं एकमेकांना दगड मारत नाहीत. बैठक ऐकून दमली होती. आमच्या लेआउटचे सेक्रेटरी काका, सरकारी खात्यातून निवृत्त, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चष्म्याला दोरी, यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, नियम म्हणजे नियम, दर रविवारी किल्ली परत, खुर्ची तुटली तर भवन बंद.

पहिल्याच रविवारी खुर्ची तुटली.

झालं असं. मी सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं की एकेकानं एकेक वाक्य बोलायचं, गोष्ट सगळ्यांची. इकडच्या बाजूची पुढारी होती एक उंच मुलगी, वक्तृत्व स्पर्धांची बक्षिसं घेऊन घेऊन जिचं साधं “पाणी दे” सुद्धा भाषणासारखं निघतं. तिनं सुरुवात केली की एक होता राजपुत्र. तिकडच्या बाजूचा पुढारी एक पोरगा होता. त्याचा आवाज असा की भिंतीपलीकडून हाक मारली तर आमच्या कुंड्या हलाव्यात. तो म्हणाला, मंग तो मेला. वक्तृत्ववाली म्हणाली, मग तो पुन्हा जिवंत झाला. पोरगा म्हणाला, मंग त्याले भूत चावलं न् तो परत मेला. असा तो राजपुत्र मरत-उठत राहिला. शेवटी एकदा तो मेला तेव्हा इकडचे दोघं आणि तिकडचे तिघं त्याच्या देहावर तुटून पडले, आणि देह म्हणून मधे आडवी ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची पाय पसरून बसली.

काका आले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एका शिकवणी वर्गवाल्यांनी रविवार सकाळसाठी भवन मागितलं होतं, भाडं द्यायला तयार होते. काकांनी मला पोळ्यापर्यंत मुदत दिली. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी लेआउटची मुलं लाकडी नंदी सजवून भवनात आणतात, त्या कार्यक्रमात दोन्हीकडच्या पोरांनी मिळून काहीतरी करून दाखवायचं, भांडण न होता. नाही जमलं तर रविवार शिकवणीवाल्यांचा.

मी हे मुलांना सांगितलं तेव्हा लेआउटच्या मुलांनी खांदे उडवले. त्यांच्यापैकी निम्मी त्याच शिकवणीला जाणार होती. मोठ्या आवाजाच्या पोरानं मात्र पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, “क्लास सुरू झाला तं चौकीदार भाऊ आम्हाले आत सोडन का?”

 उत्तर त्याला ठाऊकच होतं. वस्तीच्या पोरांसाठी साखळी खाली पडायची ती फक्त रविवारी सकाळी, या गोष्टीच्या नावावर. गोष्ट गेली की साखळी वर.

मग पत्रकांच्या घरातली मुलगी करेल तेच मी केलं. मी एक पत्रक काढलं. “गोष्ट सर्वांची” असं ठळक शीर्षक. गोष्टीत राजा नको, कारण राजेशाही. भूत नको, कारण अंधश्रद्धा. मारामारी नको. गोरी राजकन्या तर नकोच नको. सगळ्यांना समान काम. शेवटी बोध. छापून आणलं, वाटलं आणि समाधानानं मांडी घालून बसले.

पुढच्या रविवारी गोष्ट सुरू झाली. मग सगळ्यांनी मिळून विहीर खणली, असं वक्तृत्ववाली म्हणाली. मग सगळ्यांनी पाणी वाटून घेतलं. मग सगळ्यांनी सभा घेतली. मग सभेत सगळ्यांचं एकमत झालं. पोरगा जांभई देत म्हणाला, “ताई वं, या गावात काही होऊनच नाही राहिलं.”

तेवढ्यात वस्तीतल्या सगळ्यात लहान पोरीची पाळी आली. ही पोरगी भावाच्या शर्टाला धरून यायची आणि पाळी आली की दर वेळी एकच वाक्य बोलायची. ती म्हणाली, “मंग तिथं एक बकरी आली.”

सगळे तिच्याकडे बघू लागले. इतकं लक्ष तिच्याकडे कधी कुणी दिलं नसावं, म्हणून तिनं हिंमत करून आणखी एक वाक्य जोडलं. “न् तिनं सभा खाऊन टाकली.”

हशा पिकला. दोन्हीकडची पोरं एकाच वेळी हसली, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी तेव्हा विहिरीत अडकले होते. मी समजावलं की सभा ही खायची वस्तू नाही, बकरीचा गावाच्या विकासाशी संबंध काय, आपण जरा मुद्द्यावर येऊ. थोडक्यात, मी बकरीवर बंदी घातली.

त्यानंतरच्या रविवारी मी आले तर मुलं गोल बसलेली, आणि सगळ्यांच्या तोंडावर हात. पहिलं वाक्य मी सांगितलं. दुसरं कुणी बोलेना. मी वक्तृत्ववालीकडे पाहिलं. जिला गप्प बसवायला परीक्षकांना घंटा वाजवावी लागते, ती गालावर मूठ ठेवून छताकडे बघत होती. बाकीच्यांनी थोड्या वेळानं तोंडावरचे हात काढले आणि माझीच पत्रकं घेऊन दुमडत बसले. मग ती उभी राहिली, घसा साफ केला आणि स्पर्धेच्या सुरात जाहीर केलं की अध्यक्ष महोदय, या गोष्टीतली सर्व पात्रं आजपासून संपावर आहेत. पोरगा लगेच तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि मागण्या सांगू लागला. बकरीवरची बंदी उठवा. भुताला येऊ द्या. “न् ताई, तू फक्त पहिलं वाक्य बोलायचं. बाकीचं आमचं.”

मागून कुणीतरी घोषणाही दिली. वस्तीतल्या पोरांनी सुरुवात केली आणि लेआउटच्या पोरांनी प्रतिसाद दिला.

मी थक्क होऊन उभी होते. ज्या घरात संप हा सणासारखा साजरा झाला त्या घरातली मी, आयुष्यात पहिल्यांदा मालकाच्या खुर्चीत होते. खुर्ची तुटलेली असली तरी मालकाचीच. मला फार विचित्र वाटलं. अगदी खरं सांगायचं तर मालकांना जे वाटत असेल तेच वाटलं, की या लोकांसाठी मी इतकं करते आणि हे असे.

घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा चहा पीत होते. सगळं ऐकून म्हणाले, “मागण्या रास्त आहेत.” आणि कपाच्या आड हसत राहिले. आईनं विचारलं, बकरीचं काय झालं. मी म्हटलं, बंदी आहे. आई म्हणाली की असल्या मालकाविरुद्ध तिनं स्वतः पत्रक काढलं असतं.

पुढच्या रविवारी मी सगळ्या मागण्या मान्य केल्या. वाटाघाटीत एक गोष्ट मात्र माझी राहिली. संपाच्या दिवशी मुलं पत्रकं दुमडत असताना मी पाहिलं होतं की एकानं अर्धवट दुमडलेला कागद शेजारचा ओढून घ्यायचा आणि पुढं दुमडायचा, तेही न भांडता. म्हणून मी त्यांना आमच्या घरचा घडीचा नियम सांगितला. त्यावर पोरानं तिथल्या तिथं खेळ बसवला. एक कागद घ्यायचा, ज्याच्या हातात कागद तोच बोलणार. एक वाक्य बोलायचं, एक घडी घालायची आणि कागद पुढं द्यायचा. आधीच्याची घडी उलगडायची नाही, म्हणजे आधीच्याचं वाक्यही खोडायचं नाही. वाकडं वाटलं तर आपलं वाक्य असं घाला की ते खपून जाईल. कागद माझ्या उरलेल्या पत्रकांचे. गठ्ठा मोठा होता, कारण “गोष्ट सर्वांची” कुणालाच नको होती.

आणि मग गंमत सुरू झाली. राजपुत्र परत आला, पण आता त्याला मारलं की तो मेलेलाच राहायचा आणि पुढच्याला त्या मढ्याचं काहीतरी करावं लागायचं. एकदा वक्तृत्ववालीनं त्याचं भूत केलं, खास पोरासाठी, आणि पोरानं त्या भुताला वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवून दिलं, खास तिच्यासाठी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. एक जण वाक्य बोलला की बाकीचे ते व्हायचे. विहीर म्हटलं की चार जण हात धरून विहीर, आणि विहिरीत कोण आहे ते पुढं कागद मिळालेल्या पोरानं ठरवायचं. बकरी दर फेरीला येऊन काहीतरी खायची. तिनं सिग्नल खाल्ला, पेपराची तारीख खाल्ली, एकदा सूर्य खाल्ला, आणि पुढच्या पोराला अंधारातच गोष्ट न्यावी लागली. सगळ्या घड्या झाल्यावर कागदाचं जे काही बनायचं ते कुणीच ठरवलेलं नसायचं. त्याला पाय असल्यासारखं वाटे किंवा नाक. ते उन्हात खिडकीवर मांडून ठेवायचे.

मी पहिलं वाक्य बोलून गप्प बसायचे. सोपं नव्हतं. ओठ चावून चावून बधिर व्हायचे. आणि तरी शेवटी, सगळे उठता उठता, माझ्या तोंडून निघूनच जायचं, “तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?”

पावसाळा मध्यावर आला तेव्हा गोष्टीत एक राक्षस उगवला. उंच, चष्मा लावलेला, हात हे एवढे लांब. गावात काहीही घडलं, कुणी पडलं, कुणाचं लग्न झालं, बकरीला पिल्लू झालं, की हा डोंगरावरून खाली यायचा आणि विचारायचा, बोध काय, बोध काय? आणि अख्खं गाव झोपी जायचं. मी पदराआड, म्हणजे ओढणीआड, खूप हसले. चष्मा, बोध, लांब भाषण. दर झेंडावंदनाला “यातून आपण काय बोध घ्यावा” असं म्हणत आम्हाला उन्हात उभं करणारे सेक्रेटरी काकाच ते. पोरं भल्ली हुशार निघाली, असं मी मनात म्हटलं.

मग एका रविवारी मी आत गेले तर कोपऱ्यात बांबूच्या कमच्या पडल्या होत्या.

बाहेरगावच्यांसाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबतीच्या, म्हणजे गावाचं सगळं वाईट घेऊन जाणाऱ्या राक्षसिणीच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीत बडगे निघतात. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा मोठा पुतळा, वर्षभर ज्याचा राग आला त्याचा. त्याच्या गळ्यात पाटी. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कधी परदेशी पुढाऱ्याचा. लोक त्याला गावभर फिरवून शेवटी जाळतात आणि मारबतीला ओरडून सांगतात की आमची सगळी पिडा घेऊन जा. बाबा म्हणायचे, बडग्या म्हणजे बांबूवर चढवलेलं पत्रक. लहानपणी मला खांद्यावर बसवून दाखवायचे.

तर पोरांनी तान्ह्या पोळ्याला दाखवण्यासाठी बडग्या करायचं ठरवलं होतं. वस्तीतल्या पोरांकडे लाकडी नंदी नव्हते. लेआउटच्या पोरांनी आपापले नंदी आणले असते तर पुन्हा इकडचे आणि तिकडचे झालं असतं. म्हणून वक्तृत्ववालीच म्हणाली होती की कुणीच नंदी आणायचा नाही. तिचा नंदी दर वर्षी पहिला येतो, हे मला नंतर तिच्या आईनं सांगितलं, जरा रागानंच.

बडग्या कुणाचा, असं मी विचारलं. सगळे एकदम बांबू कापण्यात गढून गेले. राक्षसाचा, असं कुणीतरी पुटपुटलं.

 काकांच्याच भवनात, काकांच्याच कार्यक्रमात, काकांचा बडग्या. मग कुठलं भवन आणि कुठला रविवार. एकीकडे घरची शिकवण की दुसऱ्यानं घातलेली घडी उलगडायची नाही. दुसरीकडे ती साखळी. मी पोराला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, की बाबा रे, राक्षस थोडा वेगळा करता येईल का, चष्मा काढता येईल का. मी मोठ्या चलाखीनं विचारतेय असं मला वाटत होतं.

पोरानं हातातला चाकू खाली ठेवला आणि मला आठवण करून दिली. “ताई, कागद आमच्या हातात हाय ना.”

मी गप्प बसले. बसावंच लागलं, करार माझ्याच सहीचा होता.

त्यानंतर मला भवनात आत येऊ देईनात. पहिलं वाक्य दाराबाहेरून सांगायचं आणि जायचं. घरी आई ओट्यावर बादलीभर खळ शिजवताना दिसली. कशाला विचारलं तर म्हणाली, वॉलपेपर लावायचाय. आमच्या घरी वॉलपेपर कधीच नव्हता. त्याच आठवड्यात माझा निळा कुर्ता सापडेना. आई म्हणाली धोब्याकडे असेल. आमच्या घरी धोबीही नाही, पण मी भवनाच्या चिंतेत होते, लक्षात आलं नाही.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. भवनात पताका, गोळ्या-बिस्किटांची ताटं, रांगेत छोटे-मोठे लाकडी नंदी, झूल घातलेले, शिंगांना फुगे बांधलेले. ते ज्यांना गोष्टीत यायचं नव्हतं त्या घरांतले. पहिल्या रांगेत काका, स्वच्छ पांढरा शर्ट, मांडीवर किल्ल्यांचा जुडगा. त्यांच्या शेजारी शिकवणी वर्गाचे सर, जागा पाहून घ्यायला आलेले, नजरेनं बाक मोजत होते. वस्तीतल्या आया दारापाशी उभ्या. मी भिंतीला टेकून.

चादरीखाली काहीतरी उंच ओढत आणलं गेलं. इकडची आणि तिकडची पोरं एकाच दोरीला लागली होती. वक्तृत्ववाली पुढं आली आणि म्हणाली, एक होतं गाव आणि त्या गावाच्या डोंगरावर होता एक राक्षस. पोरानं चादर ओढली.

पहिला मला माझा निळा कुर्ता दिसला.

मग चष्मा. मग खांद्याला झोळी, माझीच, जुनी. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, मी बोलताना पसरते तसेच. कुर्त्याखालचं अख्खं अंग माझ्या पत्रकांनी मढवलेलं, छातीवर “गोष्ट सर्वांची” ठळक दिसेल असं. जबडा पुठ्ठ्याचा, त्याला दोरी, दोरी ओढली की तोंड उघडायचं आणि मागं लपलेला कुणीतरी ओरडायचा, “बोध काय?” गळ्यात पाटी होती. पाटीवर वळणदार अक्षरात एकच शब्द, “तात्पर्य”.

काकांनी बडग्याकडे पाहिलं. मग चष्मा वर सारून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बडग्याकडे. आणि मग त्यांच्या पोटातून कुठून तरी हसू निघालं, आधी शर्टाची बटणं हलली, मग मांडीवरच्या किल्ल्या वाजू लागल्या. भवन उभं राहिल्यापासून त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नसावं. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघणं टाळलं. बाबा तर तोंडाला रुमाल लावूनच आले होते.

पोरांनी गोष्ट केली. गाव झोपतं, राक्षस बोध विचारतो, लोक हात जोडतात, कुणाचा उपाय चालत नाही. जाळायचा तर काकांचा नियम, भवनात आग चालत नाही. हाही पेच त्यांनी गोष्टीतच सोडवला. सगळ्यात लहान पोरगी, डोक्याला कागदाची शिंगं बांधून, चारी पायांवर आली. तिनं बडग्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्या पोटावरची पत्रकं फाडून फाडून खायला, म्हणजे तोंडाशी नेऊन मागं टाकायला सुरुवात केली. पाटीपर्यंत तिचा हात पोचेना, तर पोरानं आणि वक्तृत्ववालीनं तिला दोन बाजूंनी उचललं. तिनं पाटी ओढली आणि दाताखाली धरली. आणि सगळं भवन, दारातल्या आयांसकट, ओरडलं की ताईचं तात्पर्य घेऊन जा गे मारबत.

मीही ओरडले. खरं तर सगळ्यांत मोठ्यानं.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण पोरांना थांबायचं नव्हतं. गोष्टभर त्यांचा घडीचा कागद हातोहात फिरतच होता. पोरानं शेवटची घडी घातली आणि तो कागद थेट काकांच्या हातात दिला. सगळे काकांकडे बघू लागले. ज्याच्या हातात कागद तो बोलणार, हा नियम तोवर सगळ्यांना कळला होता.

काका गोंधळले. कागद उलटा केला, सुलटा केला. शिकवणीचे सर घड्याळाकडे बघत होते. काकांना झेंडावंदनाचं भाषण येत होतं, पण एका वाक्याची सवय नव्हती. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि नियमांच्या सुरात म्हणाले, “मग गावाच्या सेक्रेटरीनं बकरीला बजावलं, आत ये-जा करायची असेल तर लेंड्या बाहेर टाकून यायचं.”

पोरं हसून लोळली. काकाही खूश, आपलं वाक्य जमलं म्हणून. त्यांनी कागदाला घडी घातली आणि पुढं केली.

पोरानं कागद घेतला. मग म्हणाला, “म्हंजे बकरी दर रविवारी आत येऊ शकते, काका. हे तुमीच म्हणलं.”

“तसं नव्हे रे,” काका म्हणाले आणि कागदाला हात घालू लागले.

तेव्हा दोन्हीकडची पोरं, नंदीवालीसुद्धा, एका सुरात ओरडली की घडी उलगडायची नाही.

काकांचा हात हवेतच राहिला. त्यांनी आजवर आम्हाला शंभरदा ऐकवलेलं वाक्य कुणीतरी मागून हळूच म्हटलं, नियम म्हणजे नियम. मला वाटतं ते बाबा होते. काकांनी शिकवणीच्या सरांकडे पाहिलं, मग दारातल्या बायांकडे, मग त्या शिंगवाल्या पोरीकडे. ती तोंडातली पाटी न सोडता त्यांच्याकडे एकटक बघत होती. त्यांनी जुडग्यातून भवनाची किल्ली सुटी केली. मला दिली नाही. वक्तृत्ववालीला आणि पोराला मिळून दिली, एकीनं उघडायचं आणि एकानं लावायचं अशी वाटणी करून. शिकवणीला संध्याकाळ मिळाली.

चौकीदार भाऊ रविवारी सकाळी अजूनही साखळीपाशी बसतो. पोरं आली की गंभीर चेहऱ्यानं विचारतो, लेंड्या बाहेर टाकल्या का, आणि ती तितक्याच गंभीरपणे हाव म्हणतात. भिंतीपलीकडे गेलेला बॉल हल्ली परत येतो, कधी कधी त्याला शिंगं काढलेली असतात. कुर्ता मात्र परत आला नाही. तो बडग्यासोबत भवनाच्या माळ्यावर आहे, आणि मी पहिल्या वाक्यानंतर तोंड उघडलं की मुलं नुसतं वर बोट दाखवतात.

आता बाबांच्या नियमाप्रमाणे तुम्ही काय करायचं ते सांगते. येत्या रविवारी घरातली, शेजारची आणि विशेषतः भिंतीपलीकडची चार पोरं बोलवा. घरात पडलेलं एखादं पत्रक घ्या, हे हातातलंच चालेल. पहिलं वाक्य बोला, पहिली घडी घाला आणि कागद पुढं द्या. मग तोंडावर हात ठेवून बसा. आणि कुणी बकरी आणलीच, तर तिला खाऊ द्या.